हळदीच्या खळ्यावरची सावली

आमच्या गावात कॅथलिक घरं दोनच. महिन्यातून एकदा फादर येतात आणि आमच्या पुढच्या खोलीत मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना, होते. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातल्या एका प्रवचनात ते म्हणाले, "काम माणसासाठी असतं, माणूस कामासाठी नसतो. चर्चची सामाजिक शिकवण इथूनच सुरू होते."

जेवताना मी फादरना विचारलं, "मग आम्ही नेमकं काय करायचं?"

"मला काय विचारता? तुमच्याकडे राबणाऱ्यांना विचारा."

आमची हळद तेव्हा शिजून खळ्यावर वाळत होती. ती निवडायला गावातल्या सातआठ बाया येत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "तुमाला काही तकलीफ हाय का?" त्या एकमेकींकडे बघून हसल्या. "न्हाई बाई, समदं बराबर हाय."

मग मीही त्यांच्यात बसून हळद निवडू लागले. ऊन चढलं, तरी माठाकडे कुणी फिरकेना. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या मावशींना मी तांब्या दिला. त्यांनी घोटभर पाणी तोंडात फिरवलं आणि थुंकून टाकलं.

"काहून वो मावशी? प्या की."

"पेलं की जावं लागतंय. इथं समदीकडं गडीमाणसं. जावं कुठं?" त्या हळूच म्हणाल्या. "घरी गेल्यावरच पेतो आमी."

"आमच्या घरातल्या संडासात जा," मी म्हटलं. पण हळदीनं माखलेल्या पायांनी आमच्या घरातून जायला एकही बाई तयार होईना.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "खळ्यावरच बांधू." सकाळी त्यानं हळद पॉलिश करायच्या यंत्राशेजारची जागा दाखवली, तर मावशी उसळल्या. "तिथं गडी बसतेत! त्या लिंबाच्या मागं बांधा. दार कुंपणाच्या भिंतीकडं करा अन् कडी आतून लावा."

तसंच बांधलं. शेजारच्या खळ्याचा मालक येऊन बघून गेला. "लई लाडावून ठेवता तुमी मजुरांना," तो नवऱ्याला म्हणाला. नवरा म्हणाला, "तुमच्याबी बाया येऊ द्या की इकडं." पुढच्या आठवड्यापासून त्याच्याकडच्या दोघीतिघी येऊ लागल्या.

बायांची भीड आता मोडली होती. एका दुपारी मावशीच नवऱ्याला म्हणाल्या, "मालक, उन्हानं डोकं तापून राहिलं. वर काहीतरी बांधा."

"आता सावलीबी पायजे?" तो कुरकुरला. पण बाजाराच्या दिवशी हिंगोलीहून येताना हिरवी जाळी घेऊन आला. ती कुठं बांधायची यावरून त्याचं आणि मावशींचं चांगलंच वाजलं. शेवटी मावशी म्हणाल्या तिथंच खांब रोवले.