धर्मीबाईचं भिंग आणि उपटलेला हातपंप

हिंगोली नुकतीच परभणीपासून वेगळी होऊन जिल्हा झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. परभणीच्या एका दवाखान्यात मी डोळे तपासायचो. आमच्या शिबिरात मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवलेल्या लोकांना आता कसं दिसतंय, हे त्यांच्या गावी जाऊन बघायचं असं मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं. बाकीच्यांना उन्हाचं कारण सुचलं. मला काही सुचेपर्यंत तपासणीचा तक्ता माझ्या हातात आला होता.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळची एसटी धरा. खिडकी उघडी असेल तर लागत नाही आणि लागलेली असेल तर उघडत नाही. हट्टा मागे पडला की जवळा बाजार येतं. तिथे बाजाराच्या दिवशी गाडी थांबत नाही, अडकते. तेवढ्यात मिरचीची भजी खाऊन घ्या. माझा तिकिटापेक्षा भज्यांवर जास्त खर्च झाला आणि हिंगोलीपर्यंत तोंडाची आग गेली नाही. हिंगोलीहून गोरेगावला जीप मिळते. जीप भरली असं ड्रायव्हरला वाटलं की ती निघते, आणि त्याला तसं लवकर वाटत नाही. माझ्या मांडीवर नंबर तपासायच्या काचांची पेटी होती आणि पेटीवर कुणाची तरी कोंबडी.

आमचे रोगी राहायचे त्या बंजारा तांड्यापर्यंत गोरेगावपासून चढ पायीच चढायचा. वर पोचल्यावर शाळेच्या भिंतीला तक्ता टांगला. त्यावर तीन पायांची चिन्हं असतात, वर मोठी, खाली बारीक. पाय कोणत्या बाजूला आहेत ते लांब बसलेल्या माणसाने हाताने दाखवायचं. मी भिंतीकडे तोंड करून काडीने एकेक चिन्ह दाखवत गेलो आणि चाट पडलो. एकजात सगळ्यांना शेवटची ओळ दिसत होती. अशी नजर मोठ्या डॉक्टरांचीही नव्हती. एका म्हाताऱ्याने तर एकही चूक केली नाही, आणि त्याचं ऑपरेशनच झालेलं नव्हतं. गर्दी दिसली म्हणून तो येऊन बसला होता.

मग धर्मीबाई बसली. घागऱ्यांवर आरशांचा कशिदा करून ती पोट भरायची. उजव्या डोळ्यात भिंग बसलं होतं, डाव्यातला मोतीबिंदू काढायचा होता. उजव्याला काय दिसतं ते बघून डाव्याचं भिंग ठरणार होतं, म्हणून मी तिला जरा जपूनच तपासत होतो. तीही फटाफट हात दाखवत होती. एवढ्यात माझी काडी तक्ता सोडून भिंतीतल्या खिळ्यावर गेली. धर्मीबाई अडली. बराच वेळ गेला तेव्हा मी मागे वळलो. दोन्ही बाजूंना सगळा तांडा हात ताणून उभा होता. डावीकडच्यांचे हात वर होते, उजवीकडच्यांचे खाली. खिळ्याबाबत त्यांच्यात एकमत नव्हतं.

"हे काय चाललंय, नाईक?" मी तांड्याच्या नाईकांना विचारलं.

नाईकांनी सावकाश हात खाली घेतला. "साहेब, आमच्या हातपंपाला पाणी लागलं न्हाई, तवा सरकारी माणसं आली अन् पंप उपटून घेऊन गेली. मंग जिला दिसत न्हाई तिचं भिंग तुमी ठिवताव काय?"

बसवलेलं भिंग कुणी परत नेत नाही, असं मी देवाशपथ सांगितलं. पंपवालेही गोडच बोलत होते म्हणे.

शेवटी सगळ्यांना धर्मीबाईच्या पाठीमागे बसवलं. आता तिला वरची दोन चिन्हं सोडून काही दिसेना. पेटीतली एक काच डोळ्यापुढे धरली, तर तिने शेवटपर्यंत सगळं बरोबर सांगितलं. म्हणजे डोळा ठणठणीत होता. शिबिरात तिच्या मापाचं भिंग संपलं होतं आणि आम्ही जास्त नंबरचं बसवलं होतं. त्यामुळे हातभरावरचं लख्ख आणि लांबचं धूसर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लांबचा चष्मा देतो म्हणालो.

"ही काच काढ आधी," ती म्हणाली. "सुई दिसंना झाली." काच काढली तशी तिने माझ्यादेखत सुईत दोरा ओवला.

"मग डाव्या डोळ्यातही असंच भिंग बसवायचं का?"

"न्हाई रे लेकरा. सुईला एक डोळा बास हाय. दुसरा लांबचा दे. खालून कोण येऊन राहिलं ते दारात येईस्तोवर कळत न्हाई. सोयरे येतेत, मागणारे येतेत, तुमच्यावानी बी येतेत."

परभणीत मोठे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे उजवा डोळा नापास."

"तक्त्यावर नापास आहे, सर. ती त्याच डोळ्यावर कमावते."

दोन डोळे दोन अंतरांवर ठेवले तर डोकं गरगरेल, असं त्यांचं म्हणणं. एवढे दिवस ती तशीच कशिदा करत होती, असं माझं. आवाज माझाच चढला. त्यांनी चहा संपवला, डोळ्याचं माप पुन्हा काढायला लावलं आणि डाव्यात लांबचं भिंग बसवलं.

काही महिन्यांनी पुन्हा तीच एसटी, तीच भजी आणि तोच चढ. खालूनच मला धर्मीबाई दारात शिवत बसलेली दिसली. तिने मान वर केली, कपाळावर हात धरून माझ्याकडे बघितलं. मी हात हलवला. ती उठली, घागरा गोळा केला, आत गेली आणि दार लावून घेतलं.

"आता तिच्याकडं दोन भिंगं हायेत साहेब," नाईक म्हणाले.

मी तक्ता पिशवीतून काढलाच नाही. परभणीला आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, डाव्या डोळ्याने कितवी ओळ वाचली? म्हटलं, वाचलं काही नाही, मला चढाच्या पायथ्याशी ओळखलं आणि दार लावलं. ते "उत्तम लिहा" म्हणाले. इतकी वर्षं डोळे तपासले, पण तोंडावर लागलेलं तेवढं एकच दार मी अजून कौतुकाने सांगतो.