व्रणातलं औषध

त्र्याहत्तरच्या अरब-इस्रायल युद्धातून मोठा भाऊ परतला तेव्हा त्याच्या डोक्यातला तोफगोळ्याचा तुकडा लष्करी डॉक्टरांनी काढला होता. मेंदूवर व्रण राहिला. वर्षभरात झटके सुरू झाले. इस्रायलमधल्या अश्दोदच्या आमच्या घरात जेवणाचं टेबल दोनदा उलथलं. मोरीच्या कट्ट्यावर आपटून त्याचे समोरचे दात गेले. आई नाकाशी चप्पल धरायची, इथे येण्याआधी कोकणात धरत तशी.

गोळ्या सकाळ-संध्याकाळ होत्या. बंदरावरच्या कामावरून आलेले वडील प्रत्येक झटक्यानंतर एकच निष्कर्ष काढायचे.

"गोळी थुंकलास."

"गिळली, बाबा."

"मग फिट कशी आली? बापाला बनवतोस?"

आणि कानाखाली. पुढे ते त्याला भिंतीशी दाबून जिभेखाली बोट फिरवू लागले. एका संध्याकाळी बोट आत असतानाच झटका आला आणि जबडा मिटला. आईने चमच्याने दात उचकटले तेव्हा तर्जनीचं वरचं पेर कातडीला लोंबत होतं. भाऊ शुद्धीवर येत होता. वडिलांनी त्याला डाव्या हाताने मारलं.

व्रण काढायची शस्त्रक्रिया ठरली. इस्पितळात नर्स समोर उभी राहून गोळी द्यायची. तरी झटके आले. एकात पलंगाचा कठडा वाकला. वडिलांनी नवा तर्क काढला: औषध जखमेपर्यंत चढतच नसेल.

सर्जनने व्रण आणि त्याच्या कडेचा थोडा भाग कापला, आमच्या परवानगीने प्रयोगशाळेत पाठवला. निकाल त्याने हिब्रूत सांगितला, मी मराठीत. औषध मेंदूत सगळीकडे सारखं नसतं. पांढऱ्या भागात जास्त, करड्या भागात कमी. पण व्रणातही ते होतं, कडेच्या चांगल्या भागाइतकंच.

"पोचलं होतं?" वडिलांनी विचारलं.

"पोचलं होतं."

"आणि तरी फिट?"

"तरी."

मागच्या वर्षांबद्दल यातून काही सिद्ध होत नव्हतं. फिट आली म्हणजे गोळी थुंकली, हा वडिलांचा पुरावा तेवढा संपला.

आम्ही वॉर्डात गेलो. भावाचं डोकं पट्ट्यांत होतं, एक डोळा सुजून मिटलेला. नर्सने गोळी आणि पाणी दिलं. त्याने गिळली, आणि वडिलांकडे वळून तोंड उघडलं, जीभ वर करून.

"मीट," वडील म्हणाले.

तो तसाच राहिला.

"मीट रे तोंड."

शेवटी त्यांनीच पेर गेलेल्या हाताने त्याची हनुवटी वर ढकलली आणि तोंड मिटवलं.