नारबोदीसोबत गेलेला खोका

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आरोळ्या कानावर आल्या की माझ्या डोळ्यांसमोर एक पुठ्ठ्याचा खोका उभा राहतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, जंगलातले पंचनामे केले. पण त्या खोक्याने मला जेवढं पळवलं, तेवढं कुठल्या दरोडेखोराने पळवलं नाही.

ते स्वाईन फ्लूच्या साथीचं वर्ष होतं आणि मी देवरी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पुण्या-मुंबईत माणूस शिंकला तरी टीव्हीवर बातमी व्हायची. आमच्याकडे, छत्तीसगडच्या सीमेला टेकलेल्या या तालुक्यात, घशातला नमुना तपासायला कुठल्या कुठे पाठवावा लागायचा. उत्तर येईपर्यंत रोगी एकतर बरा होऊन घरी जायचा, नाहीतर उत्तराची गरज उरायची नाही. औषध खुल्या बाजारात मिळत नव्हतं. ते सरकारी दवाखान्यातूनच मिळायचं आणि तिथेही जेवढं वरून येईल तेवढंच. परिपत्रकांचा मात्र कधी तुटवडा पडला नाही. 'गर्दी टाळावी' हे परिपत्रक आणि पोळ्याच्या गर्दीचा बंदोबस्त लावण्याचा आदेश मला एकाच टपालात मिळाले.

आम्हा पोलिसांसाठी मास्क आलेच नव्हते. ठाण्यासमोरच्या शिंप्याने जुन्या चादरी फाडून आम्हाला मास्क शिवून दिले. एका मास्कवर नेमकं गुलाबाचं मोठं फूल आलं होतं. तो आमच्या हवालदाराच्या वाट्याला आला. भरघोस मिशांवर ते फूल बांधून तो नाकाबंदीला उभा राहिला आणि हसणाऱ्याकडे असा बघायचा की हसणारा गप्प व्हायचा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. वयाने लहान, पण बोलणं खणखणीत.

"साहेब, गोंदियाहून आमची गाडी आली, ड्रायव्हर आला, पण औषधाचा खोका नाही. वाटेत चोरीला गेला म्हणतो. माझ्याकडे एक गर्भवती बाई ऑक्सिजनवर आहे. स्टाफसाठी ठेवलेल्या शेवटच्या कॅप्सूल तिला देते आहे. त्या संध्याकाळपर्यंत पुरतील. पुढे काय द्यायचं, ते मला सांगा."

"दुसरा खोका कधी येईल?"

"मागणी नोंदवून घेतली आहे म्हणाले."

सरकारी नोकरी केलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.

ती बाई आमगाव रस्त्यावरच्या एका गावची लेक. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नवरा पुण्याला कामाला. तो तिला भेटायला आला तेव्हा अंगात ताप घेऊन आला. तो दोन-चार दिवसांत उठला, ही मात्र पडली. आता तो रुग्णालयाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. तिची विधवा आई गावातल्या घरी एकटी होती, कारण डॉक्टरीणबाईंनी तिला कुणात न मिसळता घरीच राहायला सांगितलं होतं.

मी गुन्हा नोंदवायला सांगितला आणि कोहमाऱ्यापर्यंत महामार्गावर नाकाबंदी लावली. तासाभरात एका खबऱ्याचा निरोप आला की कोहमाऱ्याच्या ढाब्यावर एका ट्रकवाल्याकडे औषधाचा खोका आहे. आमचे लोक धावले. खोका होता, पण आत जनावरांच्या जंताचं औषध निघालं. ढाब्यावरचे लोक हसले आणि आमचे लोक उपाशीपोटी परत आले.

दरम्यान वरून साहेबांचा फोन आला. "ड्रायव्हरला अटक दाखवा. औषध काळ्या बाजारात विकलं म्हणून सरळ केस आहे. संध्याकाळी पत्रकार विचारतील."

"साहेब, चोर सापडल्याचा कागद मी दहा मिनिटांत करतो," मी म्हणालो. "पण त्या बाईला कागद गिळून बरं वाटणार नाही. मला खोका शोधू द्या."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही. साथ आवरत नाही, औषध पुरत नाही, म्हणून एक गरीब ड्रायव्हर गजाआड टाकून जिल्हा कामाला लागला आहे असं दाखवायचं, हे मला पटणारं नव्हतं.

ड्रायव्हर गोंदियाचा, हिंदी बोलणारा, पन्नाशीचा माणूस. त्याला मी समोर खुर्चीवर बसवलं. खाली बसवलेला माणूस आधी घाबरतो आणि मग तुम्हाला हवं ते बोलतो. मला हवं ते नको होतं, खरं हवं होतं.

"साहब, मैडम ने फोन पे बोला था, उस औरत की माँ को मास्क दे के आना. गली में कीचड़ था, तो गाड़ी चावडी के पास छोड़ी. नाक पे कपड़ा बाँधा, पैदल गया, मास्क दिया, वापस आया तो खोका गायब. गाँव में सबसे पूछा. किसी ने मुँह नहीं खोला."

मी त्याला तीच हकीकत शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावली. रचलेली गोष्ट उलटी सांगताना माणूस अडखळतो. हा अडखळला नाही, फक्त रडला.

मग मी त्याची जीप बघायला गेलो. मागच्या बाजूला डिझेलचा कॅन जागेवर होता, जॅक होता, नवी कोरी सतरंजी होती. आमच्या भागातला कोणता चोर डिझेल सोडून पुठ्ठा नेतो? खाली वाकून पाहिलं तर पत्र्यावर पळसाची एक डहाळी पडलेली, पानं अजून हिरवी. मी ती उचलली आणि हवालदाराकडे पाहिलं. त्याने गुलाबाच्या फुलाआडून माझ्याकडे पाहिलं. तो साकोलीकडचा, मीही भंडारा जिल्ह्यातला. दोघांच्याही ध्यानात एकच गोष्ट आली.

आमच्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नारबोद नेतात. पोळ्याला दारात रोवलेल्या पळसाच्या फांद्या उपटायच्या, घरातली अडगळ घ्यायची आणि 'खासी-खोकला घेऊन जाय गे नारबोद' अशा आरोळ्या ठोकत सगळं गावच्या शिवेपलीकडे टाकून यायचं. त्यासोबत वर्षाचा रोग, ताप, इडापिडा गावाबाहेर गेली असं मानतात. लहानपणी मीही घसा बसेपर्यंत ओरडलो आहे. टाकून परतताना मागे वळून बघायचं नाही, आणि टाकलेलं काही परत आणायचं नाही.

आम्ही ड्रायव्हरला सोबत घेऊन त्याच्याच जीपने गावाकडे निघालो. वाटेतच पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, आमच्या गावात काई झालं नाही जी." मी अजून काही विचारलंच नव्हतं. विचारण्याआधी 'काही झालं नाही' म्हणणारा माणूस नेहमी काहीतरी झाल्याच्या जागेवरून बोलत असतो.

चावडीपाशी माणसं जमली. पाटील, म्हातारे, हात बांधून उभी तरणी पोरं, थोड्या अंतरावर बाया. मी एकेकाला विचारलं. खोका? नाही पाहिला. गाडी? नाही पाहिली. भर चावडीत उभी असलेली सरकारी जीप अख्ख्या गावाला दिसली नव्हती. मग माझ्या ध्यानात आलं की गुराखी गुरं घेऊन पूर्वेचा सरळ रस्ता सोडून तलावाच्या पाळीवरून वळसा घालून चालला आहे.

"पाटील," मी म्हणालो, "नारबोद पूर्वेच्या शिवेवर टाकली ना?"

पाटलाने मान खाली घातली.

"मी बी झाडीतलाच हाव," मी त्यांच्या बोलीत म्हणालो. "कोनाले धरून नेत नाही. सांगा."

मग पाटील बोलले. "साहेब, तो ड्रायवर नाकाले फडकं बांधून आला. सरकारचा मानूस भेऊन राहिला तं आमी कायले नाही भेवाव? गाडीत खोका होता, त्याच्यावर लाल अक्षरानं 'स्वाईन फ्लू' लिवलं होतं. पोरं म्हनाले, या लोकानं रोगच खोक्यात भरून आनला. नारबोद निघतच होती. टाकला तिच्यासंग."

"अहो, त्यात रोग नाही, औषध आहे. याच गावच्या पोरीसाठी चाललं होतं ते."

गर्दीत कुजबुज झाली. एक म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून पुढे आला आणि मला थेट विचारलं, "औषध हाय तं मंग नाव काऊन रोगाचं लिवलं?"

इतक्या वर्षांच्या चौकशांमध्ये मी हजारो प्रश्न विचारले असतील. त्यातला एकही त्या म्हाताऱ्याच्या या प्रश्नाइतका नेमका नव्हता. गोंदियाच्या कुण्या कारकुनाने इतर मालात मिसळू नये म्हणून खोक्यावर ते दोन शब्द लिहिले असणार. आत काय आहे हे लिहावं, असं त्या अख्ख्या कचेरीत कुणाला सुचलं नाही.

मी म्हणालो, "चूक आमची. आता तो खोका मी घेऊन येतो."

तशी पोरं रस्त्यात आडवी झाली. पूर्वेच्या शिवेवरून यायला गावातूनच रस्ता होता, दुसरीकडे सगळीकडे धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या. "नारबोदीसंग गेलेली वस्तू गावात वापस येत नाही साहेब," पाटील म्हणाले. आवाजात उर्मटपणा नव्हता, भीती होती. "काई झालं तं जबाबदार कोन?"

माझ्याजवळ मोजके शिपाई होते. लाठी उगारली असती तर रस्ता मोकळा झाला असता, पण पुढच्या वेळी त्या गावात एकही रोगी कुणी दाखवला नसता. आणि घड्याळ थांबत नव्हतं. मी समजावत राहिलो, ते ऐकत राहिले आणि जागचे हलले नाहीत.

तेवढ्यात बायांच्या मागून एक आवाज आला. "सरका."

ती त्या पोरीची आई होती. सरकारी मास्क तोंडाला बांधलेला, लुगड्याचा काष्टा खोचलेला. ती पुढे आली तशी माणसं आपोआप दूर झाली, जणू तिच्या अंगाला आग लागलेली होती.

"माह्या पोरीचं औषध हाय ते. मी आनतो," ती म्हणाली.

"बाई, गावाच्या जिवाचा प्रश्न हाय," पाटील म्हणाले.

ती वळली. "कोनतं गाव जी पाटील? पोरगी दवाखान्यात गेली तवापासून मले हातपंपावर पानी भरू देत नाही तुमी. माह्या दारावरून कोनी जाऊन नाही राहिलं. दुकानवाला मीठ दुरूनच फेकून देते. मले तं तुमी कवाच शिवेपार टाकलं. मंग मी डोक्यावर खोका घेऊन इथवर आली, तं तो गावात आला कुठं?"

ती पूर्वेच्या रस्त्याने चालू लागली. मी मागोमाग गेलो. शिवेवर पळसाच्या फांद्यांचा ढीग होता, फुटकी सुपं, झिजलेल्या केरसुण्या, आणि त्यात तो खोका. वरचा पुठ्ठा ओला झाला होता, पण आत प्लास्टिक होतं. मी हात पुढे केला तर तिने माझा हात बाजूला सारला. खोका स्वतः उचलला, डोक्यावर घेतला आणि आल्या वाटेने परत निघाली. मागे वळून बघायचं नाही हा नियम मात्र तिने पाळला.

गावाच्या तोंडाशी पोरं अजून उभी होती. ती थांबली नाही, चाल कमीही केली नाही. सगळ्यात आधी तो काठीवाला म्हातारा बाजूला झाला. मग त्याने काठीनेच पोरांना हटवलं. चावडीपाशी तिने खोका जीपमध्ये ठेवला आणि स्वतः शेजारी बसली. मी जीपची किल्ली त्या ड्रायव्हरच्याच हातात दिली. दिवस मावळायच्या आत खोका डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर होता.

पोरगी वाचली. पुढचे बरेच दिवस तिने अंथरुणात काढले, पण वाचली, आणि तिला मुलगी झाली. ती मुलगी रडली की शेजारच्या वॉर्डात ऐकू यायचं, असं डॉक्टरीणबाई मोठ्या कौतुकाने सांगायच्या.

गैरसमजातून घडलं म्हणून मी 'क' समरीचा, म्हणजे कुणावर खटला न भरता प्रकरण बंद करण्याचा, अहवाल पाठवला. साहेब चिडले. "सरकारी औषध फेकून दिलं आणि तुम्ही गाव मोकळं सोडलं?" मी विचारलं, अटक कुणाला करू? खोका फेकणाऱ्याला की त्यावर रोगाचं नाव लिहिणाऱ्याला? त्यांनी विषय बदलला. खोक्यांवर 'औषध' असं लिहिण्याबद्दल मी कळवलं होतं, ते पत्र 'हा पोलिसांचा विषय नाही' असा शेरा घेऊन परत आलं.

त्या प्रकरणाने मला शिकवलं ते इतकंच. साथीत लोक अडाणीपणा करतात असं वरचे लोक फार सहज म्हणतात. पण लोकांना आपण रोगाचं नाव सांगतो, भीती पोचवतो, आणि औषधाचं नाव सांगायची वेळ आली की आपल्याकडची शाई संपते. माझ्याकडची संपली नव्हती. पत्र परत आलं त्याच दिवसापासून आमगाव रस्त्याच्या नाक्यावर आरोग्य खात्याची प्रत्येक गाडी थांबवली जाऊ लागली. फुलाचा मास्क बांधलेला आमचा हवालदार प्रत्येक खोक्यावर हिरव्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहायचा, 'औषध आहे. आपल्यासाठी आहे.'

यथावकाश मला नोटीस आली. शासकीय मालाच्या वेष्टनावर विनापरवाना मजकूर लिहिल्याबद्दल खुलासा करावा. मी खुलासा केला की, खोक्यात जे आहे तेच वर लिहिलं आहे, त्यात शासनाचं काय नुकसान झालं ते कृपया कळवावं, तोपर्यंत लिहिणं चालू राहील.

मी निवृत्त झालो. अजून कुणी कळवलेलं नाही.