सरांचा खंड्या

निवृत्तीनंतर मी कॅमेरा घेतला तेव्हा दर्पण कॉलनीतल्या शेजारणींनी माझी यथेच्छ थट्टा केली. भजनी मंडळ सोडून ही बाई पाखरांच्या मागे लागली म्हणाल्या. मी मनावर घेतलं नाही, कारण मला सर भेटले होते.

सर मुरारला राहायचे, आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरचे मराठी. त्यांच्या बैठकीत खंड्याचा एक मोठा फोटो लावलेला होता. पाण्यातून वर झेपावणारा पक्षी, चोचीत चमकती मासोळी, भोवती उडालेले थेंब. गावातले आम्ही सगळे हौशी फोटोवाले त्या फोटोपुढे मान तुकवायचो. दर रविवारी सकाळी पाच-सहा जण आठवड्याचे फोटो घेऊन त्यांच्याकडे जायचो. सर कॉम्प्युटरवर एकेक फोटो मोठा करून चुका काढायचे.

"ताई, ये पत्ता क्यों है इधर? हटवा ना. आणि डोळा शार्प नाहीये." मग भिंतीकडे बोट करून म्हणायचे, "असा क्षण मिळायला सब्र लागतं. तुमच्यात तेच कमी आहे."

मला ते पटायचं. उजेड वाढवणं, कडा कापणं, आड आलेलं पान पुसणं मी त्यांच्याकडूनच शिकले, हे नाकारणार नाही. पण त्यांचा एक नियम होता. नापास झालेला फोटो त्यांच्यासमोरच डिलीट करायचा. कचरा जवळ ठेवला की नजर बिघडते म्हणे. सहा वर्षं मी मुकाट्यानं डिलीट करत गेले. तिघरा धरणाच्या काठी, गुडघे ठणकत असताना, पहाटेपासून चिखलात बसून काढलेले फोटो होते ते. त्यातले कितीतरी खंड्याचेच. कधी मासोळी निसटलेली, कधी पक्षी अर्धा चौकटीबाहेर.

गेल्या हिवाळ्यात सरांनी मला पेनड्राइव्हवर आपल्या काही जुन्या मूळ फाइली दिल्या. एडिटिंगचा सराव करा म्हणाले. घरी उघडून बघते तर त्यात तो खंड्याही होता, काहीही न पुसलेला. कुठली फाइल गेली ते त्यांच्या लक्षात आलं नसावं. मी हौसेनं फोटो मोठा केला. मासोळीच्या शेपटीला नायलॉनचा बारीक दोरा होता आणि त्याचं दुसरं टोक पाण्यात रोवलेल्या काडीला बांधलेलं होतं. खंड्या नेमका तिथेच बुडी मारणार, हे आधीच ठरलेलं होतं. सर नुसते कॅमेरा रोखून बसले होते.

मला रडू आलं नाही, संताप आला. जिवंत मासोळी बांधली याचा तर आलाच, पण त्या बनावट फोटोच्या मापानं त्यांनी माझे खरे फोटो नापास केले आणि ते मी माझ्याच बोटानं पुसले, याचा जास्त आला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

पुढच्या रविवारी मी बाकीचे जाईपर्यंत थांबले आणि ती फाइल त्यांच्यासमोर उघडली. वाटलं होतं, निदान चेहरा तरी उतरेल. सरांनी चष्मा नीट केला.

"अच्छा, ही पण आली का त्यात?" ते म्हणाले. "सगळेच करतात हो ताई. तुम्हाला त्या चिखलात तासन्‌तास बसलेलं बघून मला तर तरस यायचा, कीव यायची."

म्हणजे माझा धीर त्यांना दिसत होता. सहा वर्षं दिसत होता.

मग त्यांनी दोऱ्याजवळचा भाग मोठा केला आणि नेहमीच्या शिकवायच्या आवाजात म्हणाले, "हा दोरा पुसताना पाण्याचा रंग इथून उचलायचा. समझीं?"

रिक्षात बसून मी त्यांना काय काय सुनावायचं ते सगळं ठरवून आले होते. माझ्या तोंडून निघालं, "हो सर."