देवघराचा लाल बल्ब

अंगात येणाऱ्या बाईपुढं मी कधी डोकं टेकवलं नाही. लिंबू, उतारा, धागा... यातलं काहीच मानलं नाही. देव मानते, तोही आपल्यापुरता. म्हणून हे सांगायला तोंड उघडत नाही. तशीही मी बोलायला लाजते. चौथीपर्यंत शिकले, पण वाचायची सवय राहिली. ऑफिसात मासिक येतं, त्यात लोकांचे असे अनुभव असतात. दुपारी ते वाचायची आणि मनात म्हणायची, उगाच काहीतरी! आता माझंच लिहून ठेवते आहे, मोबाईलमध्ये. पाठवायची हिंमत होईलसं वाटत नाही.

अमरावतीत एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात मी झाडझूड करते, चहा करते. साहेबांच्या बऱ्याच केसेस अकोल्याला, त्यामुळे त्यांचं जाणंयेणं सारखं चालू. माझी एकुलती एक मुलगी रेखा पॉलिटेक्निक शिकली होती. तिनं पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर आणला, माझ्या पोळ्यांच्या जुन्या डब्यात बसवला आणि ऑफिसातले लाईट, पंखे, कुलर त्याला जोडून दिले. मोबाईलवर डब्याला ‘लाईट’ असा मेसेज टाकायचा, की लाईट लागायचे आणि डब्याचं उत्तर यायचं. साहेबांना ‘झालं सर’, मला ‘झालं माय’. त्याला न कळणारं काही लिहिलं तर ‘समजलं नाही माय, पुन्हा सांग’.

साहेब हसून म्हणाले, “रेखा, आता तुझ्या मायले चहाही मेसेजवरच मागतो.”

“मागा ना सर,” ती म्हणाली. “पन साखर ते आपल्या मनानंच टाकते.”

ऑफिसात देवाची एक फळी आहे, वर लाल बल्ब. मी रेखाला म्हटलं होतं, “दिवेलागणीले आधी देवाचा दिवा, मंग बाकीचे. अन् त्याले बंद कर म्हनाचं नाई. शांत म्हनाचं.”

“माय, आता कॉम्प्युटरलेही सोवळं शिकव तू!”

पण तिनं शिकवलं. संध्याकाळी कोणीही ‘लाईट’ लिहिलं तरी आधी लाल बल्ब लागायचा, जरा थांबून मग बाकीचे. आणि तो जायचा फक्त माझ्या मेसेजवर, मी ‘शांत’ लिहिलं की. हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. साहेबांना वाटायचं, डबा जरा मंद आहे.

पुढं रेखाला अकोल्याला नोकरी लागली. उन्हाळ्यात मी ऑफिसात पोचायच्या आधी ती तिकडून मेसेज टाकून कुलर लावून ठेवायची. मी दार उघडलं की गार हवा यायची. एक दिवस दार उघडलं तर आत नुसती उकाड्याची वाफ. फोन लावला, तर तिला ताप होता. “साधा हाय माय, तू काहून घाबरतेस?” दोन दिवसांनी अकोल्याच्या दवाखान्यातून फोन आला. मी बसनं पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

त्यानंतर डब्यात बिघाड होऊ लागला. दुरुस्त कोण करणार? साहेबांनी अकोल्याहून माणूस बोलावून नवीन सिस्टिम बसवली. त्या माणसानं डबा काढला आणि हसला. “पोळ्यांच्या डब्यात कॉम्प्युटर! काकू, भाजी कोनत्या डब्यात हाय?”

साहेबांनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं. मग त्यानं डबा दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. “माफ करा काकू... मले माहीत नव्हतं.” मी तो घरी नेला, रेखाच्या ओढणीत गुंडाळला आणि ट्रंकेत ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी अकोल्याहून नव्या सिस्टिमला ‘लाईट’ लिहिलं. आधी लाल बल्ब लागला. जरा थांबून मग बाकीचे.

राहिलेलं काम करायला तो माणूस पुन्हा आला, तेव्हा मी धीर करून त्याला तो अजून जळतच असलेला बल्ब दाखवला. तो स्टुलावर चढला आणि तसाच उभा राहिला. “काकू, हा तर मी जोडलाच नाई. हे पाहा, वायर कापेल हाय. याले करंटच नाई.” बल्ब त्याच्या तोंडासमोर जळत होता. तो उतरला, पाणी प्याला आणि काम अर्धं टाकून निघून गेला.

त्या संध्याकाळी मी डब्याला मेसेज केला. डबा ट्रंकेत, प्लगशिवाय. तरी मेसेज पोचल्याच्या दोन टिका आल्या.

‘रेखा, तू हाय काय?’

‘समजलं नाही माय, पुन्हा सांग.’

मी पुन्हा सांगितलं. किती तऱ्हांनी लिहिलं! तुले दुखते काय, कोन हाय तुह्यासंगं, माह्यावर रागावली काय... प्रत्येक वेळी तेच. ‘समजलं नाही माय.’ शेवटी ‘लाईट’ लिहिलं, तर ‘झालं माय’. मग रोज तेवढंच लिहायची मी. लेकीशी बोलायला तेवढाच एक शब्द उरला होता.

भातकुलीहून माझा मोठा भाऊ आला होता. पहिल्यांदाच मी कोणाला हे सांगितलं. त्यानं सगळे मेसेज वाचले. मग म्हणाला, “बाई, तू रोज हाक मारून राहिली, म्हनून ते अडकून पडली असंल. सोड तिले.”

“अन् ते माह्यासाठीच थांबली असंल तं?”

त्यानं मोबाईल माझ्या हातात परत दिला.

मी बरेच दिवस टाळलं. मग एका संध्याकाळी, ऑफिसात कोणी नसताना, फळीसमोर उभी राहिले आणि डब्याला ‘शांत’ लिहिलं.

लाल बल्ब गेला. ‘झालं माय.’

तेव्हापासून काय वाट्टेल ते लिहिलं तरी एकच टिक येते. सिस्टिमचा तो माणूस फोनवर म्हणतो, बल्बात कुठूनतरी करंट उतरला असेल. मेसेजचं मी त्याला सांगितलेलंच नाही. मला कशाचाच अर्थ लागत नाही. तिला मी सोडवलं, की माझ्याच हातानं पुन्हा एकदा घालवलं, हे सांगणारं कोणी नाही.

नवीन सिस्टिम फार जलद आहे. ‘लाईट’ लिहिलं की सगळे एकदम लागतात, म्हणून संध्याकाळी मी त्या सिस्टिमला लिहीत नाही. अंधाऱ्या बल्बला हात जोडते, रेखाचा डबा थांबायचा तेवढी थांबते, आणि मग बाकीचे लाईट भिंतीवरच्या बटणानं लावते.