केसपेपरवरची खोडलेली ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

मी नांदेडचा शिंपी. मूळ गाव लातूरकडचं, भूकंपात गेलं. धाकटी बहीण ढिगाऱ्यातून जिवंत निघाली होती, पण डॉक्टर मिळेपर्यंत राहिली नाही. तेव्हाच ठरवलं, पुढं पोरगी झाली तर तिला डॉक्टर करायचं. बहिणीचं नाव घेऊन मी त्या पोरीला किती रेटलं!

अकरावीला तिला लातूरला क्लास लावला. बाकीच्या पोरींसोबत त्यांच्या आया खोली करून राहायच्या. आमच्यात मी राहिलो, शिलाई मशीन कुठंही ठेवता येतं म्हणून. बायको नांदेडलाच.

म्हणून तिला ते दोन दिवस ठाऊकच नाहीत.

"पप्पा, पोटात लई दुखून राहिलंय," पोरगी म्हणाली. मी ओव्याचं पाणी दिलं, गोळी दिली. टेस्ट होऊ दे, मग जाऊ. दोन दिवस मी हेच म्हणत राहिलो. रविवारी ती टेस्टला बसली. दुपारी येऊन आडवी झाली, आणि मी — मी तिची उत्तरं तपासत बसलो. संध्याकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, सकाळपासून. कुणासाठी बोलली ती खोटं?

तपासून ते म्हणाले, मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. मी रिक्षा बघायला बाहेर गेलो, तेवढ्यात तिनं त्यांना खरं सांगितलं. डॉक्टरांनी केसपेपरवरचं 'सकाळपासून' खोडून वर बारीक अक्षरात 'दोन दिवसांपासून' लिहिलं आणि लगेच तिकडं पाठवलं. अपेंडिक्स फुटलेलं होतं. ऑपरेशन झालं, पण पोरगी गेली.

बायको एकच विचारायची, असं कसं झालं? मी डॉक्टरांचं नाव पुढं केलं. म्हणालो, दुपारीच नेलं होतं, त्यांनी संध्याकाळपर्यंत नुसतं बसवून ठेवलं. मेव्हण्यानं डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या परिषदेकडं तक्रार केली. नोटीस गेली, त्यांचं उत्तर आलं, मग सुनावणीला दोघांनाही बोलावलं. केसपेपरवरच्या खाडाखोडीवर डॉक्टरांची सही नव्हती. डॉक्टर म्हणाले, वडील रिक्षा बघायला गेले तेव्हा मुलगीच बोलली. सदस्यांनी मला विचारलं, तुम्ही बाहेर गेला होता?

हो म्हणायचं होतं. एवढंच तर होतं.

"मी तिच्याजवळून हललोच नाही," मी म्हणालो.

नोंद नंतर बदललेली दिसते, असं निकालात आलं. डॉक्टरांची नोंदणी काही महिन्यांसाठी निलंबित झाली. मुदत संपली तरी त्यांनी दवाखाना उघडला नाही. पोरगी मला घाबरून जे खरं बोलू शकली नाही, ते तिनं त्या माणसाला सांगितलं होतं. ते मी खोटं ठरवलं.

तो निकाल बायकोनं पोरीच्या मार्कमेमोसोबत जपून ठेवलाय. पाहुणे आले की काढून दाखवते. म्हणते, ह्यांनी माझ्या लेकराला न्याय मिळवून दिला. मग माझ्याकडं बघते, आणि मी मान डोलावून "हाव" म्हणतो.