चिंगीचा ताप

मंडळी, आज सकाळी चिंगीनं दुधाला तोंड लावलं नाही. बायको गेल्यापासून लोहा गावातल्या या घरात आम्ही दोघंच, मी आणि ही मांजर. मनात नको नको ते आलं.

जुन्या टॉवेलात गुंडाळून, शाळेत पाठ केलेली कविता गुणगुणत, तिच्या शेपटीखाली थर्मामीटर लावला. एकशे दोन. झटकन मिठाच्या पाण्याची घडी कपाळावर ठेवली, लेकरांना ठेवायचो तशी. अर्धा तास घड्या बदलल्या, तरी आकडा तोच. शेवटी जनावरांच्या डॉक्टरला फोन करून सगळं सांगितलं.

तो हसायलाच लागला. "काका, मांजरीचं अंग तेवढं गरम असतंयच. ताप न्हाई तिला. आधी ती घडी काढा. उद्यापर्यंत खाल्लं न्हाई तर घेऊन या."

घडी काढली. चिंगी अंग झटकून मांडीवरून उतरली, दूध प्याली आणि भिंतीवरून निघून गेली.

ताप नव्हता, आनंदच आहे. पण खरं सांगू? त्या अर्ध्या तासात कित्येक वर्षांनी मी कुणाच्या तरी कामाचा होतो.

कुणीतरी आपल्या हातून बरं व्हावं, असं तुम्हालाही वाटतं का हो कधी?